तीनशे एकेचाळीस नंबरचं विमान

संशय घ्यायला मला फार मोठं कारण लागत नाही. दूधवाल्यानं एखाद्या दिवशी माप जरा वरपर्यंत भरलं, तरी याला आज झालंय काय असं माझ्या मनात येतं. जुन्नरला कचेरीच्या रस्त्यावर मी तीस वर्षं टायपिंगचं दुकान चालवलं. दिवसभर लोकांचे अर्ज बडवायचे. अमक्यानं बांध कोरला, तमक्यानं वारसांत बहिणीचं नाव लपवलं, फलाण्याची चौकशी व्हावी. त्यातले निम्मे अर्ज निनावी, खाली सहीच्या जागी 'एक जागरूक नागरिक'. असे जागरूक नागरिक रोज पाच-सहा तरी माझ्या बाकड्यावर बसून चहा पिऊन जायचे. तीस वर्षं हे केल्यावर माणसाचा कुणावर विश्वास बसायचा!

अशा माझ्या शेजारच्या गाळ्यात नव्वद सालानंतर दोनेक वर्षांनी यशवंत रणपिसे फोटो स्टुडिओ थाटून बसले. मूळ गाव आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ. उंच, सडपातळ माणूस, कपाळावर कायम दोन आठ्या, शर्टाच्या खिशात भिंग पुसायचं मऊ फडकं. आत काउंटरवर एक छोटी बुद्धमूर्ती. आमच्या ओळीत त्यांच्या समाजातला माणूस पहिल्यांदाच दुकान मांडून बसला होता. त्यांच्यावर मी जी नजर ठेवली तिला हेही एक कारण होतं, पण तेव्हा मी ते कबूल केलं नसतं.

गावातल्या बाकीच्या स्टुडिओंत मागच्या पडद्यावर काश्मीर असायचं, नाहीतर ताजमहाल. रणपिशांनी नुसता करडा पडदा लावला. मी विचारलं, "अहो, जरा झाडं-पानं तरी काढून घ्या." तर म्हणाले, "मागं काय असलं का मानसं तिकडंच बघत्यात, राव. तोंडाकडं कोण बघतंय मग?" फोटो काढताना ते कुणाला 'हसा' म्हणायचे नाहीत. 'स्टेडी' नाही, 'रेडी' नाही. समोरचा माणूस अवघडून बसलेला असायचा, कंटाळायचा, जांभई आवरायचा, आणि मग कधीतरी खटका वाजायचा. फोटो मात्र असा यायचा की बायको म्हणायची, घरात हे असेच दिसतात.

आता एवढ्यानं संशय येण्यासारखं काही नाही. संशय आला तो विमानांमुळे.

आमच्यावरून पुण्याजवळच्या लोहगावच्या हवाई दलाच्या तळावरची विमानं अधूनमधून जायची. लोक मान वर करायचे, पुन्हा खाली घालायचे. रणपिसे मात्र हातातलं काम टाकून धावायचे. एकदा एक तलाठी पासपोर्ट फोटोला बसले होते, हनुवटी वर करून, श्वास रोखून. आवाज आला तसे रणपिसे कॅमेरा उचलून रस्त्याच्या मध्यभागी. एसटीवाला हॉर्न वाजवून दमला, पण हे बाजूला होईनात. पाच मिनिटांनी आत येऊन खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि तलाठ्यांना म्हणाले, "हां, वर करा मान." तलाठ्यांनी मान खाली केलीच नव्हती.

ती वही मला फार छळायची. मी एकदा सहज विचारल्यासारखं केलं, "काय लिहिता हो एवढं?"

"नंबर."

"कशाचे?"

"आसंच." वही खिशात गेली.

'असंच' हा शब्द माझ्या धंद्यात फार वाईट. असंच म्हणून कुणी काही लिहीत नाही. त्यात रविवारी हे गृहस्थ मोटारसायकलवरून आर्वीच्या माळावर जायचे. तिकडे उपग्रहांचं केंद्र. कधी खोडदकडे, जिथे आभाळाकडे तोंड करून दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या तबकड्या उभ्या आहेत. बिबट्यांनी तालुका हैराण केला होता, माणसं उजाडल्याशिवाय उसाकडे फिरकत नव्हती, आणि हा माणूस पहाटे उसाच्या कडेला हातभर लांब भिंग लावून वर बघत उभा. मी स्वतः दोनदा मागावर गेलो. दोन्ही वेळा त्यांनीच मला आधी पाहिलं आणि थर्मासमधला चहा दिला.

लग्नाच्या फोटोंत मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तेव्हा रोल छत्तीसचा. लग्नात मामा, मावशा, साडू, प्रत्येकाला नवरा-नवरीशेजारी उभं राहायचं असायचं. एवढे रोल कोण खर्च करणार? म्हणून आमच्याकडचे फोटोवाले खाली, म्हणजे रिकामा, फ्लॅश मारायचे. लखकन उजेड पडला की पाहुणा खूश, कॅमेऱ्यात काही नाही. सगळ्यांना हे माहीत होतं आणि प्रत्येकाला वाटायचं की आपला तेवढा खरा निघालाय. ओझरच्या एका लग्नात रणपिशांचा रोल संपला, तेव्हा नवरदेवाचे चुलते शालू नेसलेल्या बायकोला घेऊन स्टेजवर उभे होते. रणपिसे सरळ म्हणाले, "रोल संपलाय. नवा घालतो, तवर बसा." चुलते तापले. म्हणाले, "मारा की नुसता! एवढी चारशे मानसं बघत्यात." रणपिसे म्हणाले, "उगा उजेड पाडायची मला सवय न्हाई, पावणं." चुलते शेवटपर्यंत जेवले नाहीत, पण त्या लग्नातला एक फोटो मी विसरलेलो नाही. अंतरपाट नुकताच सरकलाय, अक्षता हवेत आहेत, एकेक दाणा मोजून घ्यावा इतक्या स्पष्ट, आणि नवरी दचकून डोळे मिटतेय. दुसऱ्या कुणी फोटोवाल्यानं 'थांबा, माळ तशीच धरा' म्हणून सगळ्यांचे पुतळे केले असते. हे म्हणायचे, "थांबवून काय मजा? विमान थांबतंय व्हय आपल्यासाठी?"

पुढे परदेशी तिकिटांची पाकिटं यायला लागली. स्टुडिओ बंद असला की पोस्टमन ती माझ्याकडे टाकायचा. पहिली तीन मी इमानदारीनं दिली. चौथं चहाच्या किटलीच्या वाफेवर धरलं. हे सांगायला लाज वाटते, पण धरलं. आत चार रंगीत स्लाइड होत्या, चारही विमानांच्या. सोबत इंग्रजी पत्र. माझं इंग्रजी कचेरीपुरतं, तरी मतलब लागला: तीनशे एकेचाळीस माझ्याकडे नाही, दिसलं तर कळवीन, हॉलंडच्या मित्रालाही विचारलं आहे. मी ते पुन्हा चिकटवून संध्याकाळी दिलं. रणपिशांनी पाकीट उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "पोस्टात हल्ली लई डिंक लावत्यात." माझ्याकडे बघितलंही नाही.

म्हणजे तीनशे एकेचाळीस नंबरचं काहीतरी हा माणूस शोधत होता, देशोदेशी पत्रं पाठवून. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पुण्याला, लोहगावला, विमानांच्या कसरतींचा जाहीर कार्यक्रम ठरला. ऐन लग्नसराई. रणपिशांनी ओझरच्या एका बड्या लग्नाची सुपारी परत केली. का, तर त्या दिवशी विमानं. गावात चर्चा झाली. फोटोवाल्यांना तिथे धावपट्टीजवळ वेगळी जागा होती, पण तिच्यासाठी पास लागायचा आणि पासासाठी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. तो अर्ज त्यांनी माझ्याकडूनच टाइप करून घेतला. 'अर्जदार विमानांचे छायाचित्रण करू इच्छितो.' मी कार्बन लावून एक प्रत स्वतःला ठेवली.

चार दिवसांनी जमादार माझ्या दुकानात आले. शेजाऱ्यांना विचारायची पद्धत असते. म्हणाले, "काय हो, हे रणपिसे मानूस म्हणून कसं? खात्री देता का?"

मी हो म्हणायला हवं होतं. दहा वर्षं शेजारी होते. माझ्या आईच्या आजारपणात रात्री अडीच वाजता मोटारसायकलवरून डॉक्टर आणला होता त्यांनी. पण माझ्या डोळ्यांपुढे ती वही आली. मी म्हणालो, "माणूस शांत आहे. पण कुणाच्या पोटात काय, आपण कसं सांगणार? त्यांना परदेशातून पत्रं येतात, एवढं मला माहीत आहे."

जमादारांनी ते लिहून घेतलं. दाखला चौकशीत अडकला आणि कार्यक्रमाआधी काही आला नाही. रणपिसे कुणावर चिडले नाहीत. मला म्हणाले, "तिकिटाच्या गर्दीतनं काढू. लांबनं काढू. चला तुमी संगं, बॅग सांभाळायला कुनीतरी पायजे."

मी लगेच तयार झालो. त्यांना वाटलं शेजारधर्म. मला वाटलं, आता समोरासमोर बघू काय करतात ते.

तिकडे ही गर्दी. माणसं डबे घेऊन आलेली, सतरंज्या अंथरून बसलेली. आम्ही कुंपणाच्या कडेला उभे. पास असलेले फोटोवाले पार पुढे, धावपट्टीला लागून. आमच्यापुढे निम्मं आभाळ, निम्मी माणसांची डोकी. पहिली विमानं आली तसा रणपिशांनी कॅमेरा डोळ्याला लावला. कमरेवरचं अंग असं वळायचं की पाय जागचे हलायचे नाहीत. विमान डावीकडून उजवीकडे जाईस्तोवर त्याच्याबरोबर फिरायचे आणि मध्येच खटका. पुन्हा चाप ओढायचा, पुन्हा खटका. मी मनात मोजत होतो. तीस झाले. छत्तीस झाले. चाळीस. बावन्न झाले तरी रोल बदलला नव्हता!

लग्नात चुलत्यासमोर खाली फ्लॅश न मारणारा माणूस इथे तासभर रिकामा कॅमेरा चालवतोय. म्हणजे फोटो काढायचेच नाहीत. फोटोच्या नावाखाली दुसरंच काहीतरी बघायचंय.

दुपारी मी पाण्याच्या रांगेत गेलो. अर्धा तास तरी लागला असेल. परत आलो तेव्हाही ते तसेच उभे, तसेच खटके. मग कर्ण्यावरून काहीतरी सांगितलं गेलं, आणि एक जुनं, दोन इंजिनांचं, जाड पोटाचं विमान खालून सावकाश आलं. बाकीच्या विमानांना टाळ्या पडल्या होत्या, याला फारशा नाहीत. रणपिशांचे ओठ मात्र हलत होते. ते विमान तीनदा फिरून गेलं आणि तिन्ही वेळा ते त्याच्याबरोबर वळले. मग कॅमेरा खाली करून त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "झालं. चला."

"बाकीचं नाही बघायचं?"

"न्हाई."

परतीच्या एसटीत ते खिडकीशी झोपले. बॅग माझ्या मांडीवर. मंचरच्या अलीकडे ऊन तिरपं आत येत होतं. मी हळूच चेन उघडली, कॅमेरा काढला. मागचं झाकण कसं उघडतं ते दहा वर्षं बघत होतो. टक् करून उघडलं.

आत रोल होता. तपकिरी, गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला. मी झाकण पटकन लावलं. दोन सेकंदही नसतील झाले. रणपिशांच्या घोरण्यात खंड पडला नाही. आणि खरं सांगू? पहिल्यांदा मला बरं वाटलं. रोल आहे, म्हणजे माणूस साधा आहे. आपण काय करून बसलो ते जुन्नरचा स्टँड येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. रोल ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यांनी स्वतःच धुतला होता. ओली पट्टी दिव्यासमोर धरून म्हणाले, "ही पयली अकरा बरी हायेत. कडंला जरा उजेड खाल्लाय. पुढची समदी गेली." पट्टीचा पुढचा भाग काळाठिक्कर होता. दोन-तीन फ्रेम उरल्या होत्या म्हणून त्यांनी रोल परत डबीत गुंडाळून घेतला नव्हता, नाहीतर त्याला उजेड लागलाच नसता. उरलेल्या फ्रेमवर पासपोर्टची गिऱ्हाइकं काढायची त्यांची रीत होती.

मी विचारलं, "पण तुम्ही तर सकाळपासून पन्नास-साठ काढले."

"ते रिकामं. हात बसवायला. विमान चालतं कसं, वळतं कसं, ते आधी रिकाम्या कॅमेऱ्यात धरून बघायचं. तुमी पाण्याला गेला तवा रोल घातला." मग पट्टी खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे रोखून बघितलं. "राव, झाकण उघडलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं."

मग स्टुलावर बसून त्यांनी आपण होऊन सगळं सांगितलं. थोरला भाऊ हवाई दलात फिटर होता. वीस वर्षं त्या जुन्या जातीच्या विमानांवर काम, त्यातली शेवटची नऊ वर्षं एकाच विमानावर. शेपटीवर नंबर तीनशे एकेचाळीस. तळावर फोटोला बंदी, आणि घरी येऊन कामाचं अवाक्षर बोलायचं नाही ही दादांची शिस्त. धाकट्या भावाला फक्त नंबर सांगितला आणि बजावलं की बाहेर बोलायचं नाही. आता दादा महाळुंग्याला खाटेवर होते. साखरेनं एक डोळा गेला होता, दुसराही चालला होता. दिसतंय तोवर एकदा ते विमान बघायचं, फोटोत का होईना, एवढीच इच्छा होती. ती जात आता मोडीत निघत होती. लोहगावचं ते तिचं शेवटचं उडणं, आणि आलं ते नेमकं तीनशे एकेचाळीस. "भिंगातनं नंबर वाचला मी," रणपिसे म्हणाले. "बारा वर्षं हुडकत व्हतो."

मी दुकानात येऊन मशीनवर कागद चढवला आणि संध्याकाळपर्यंत एक अक्षर टाइप केलं नाही. उठून शेजारी जावं आणि सांगावं, असं दहादा वाटलं. गेलो नाही. मला माझीच किळस आली होती, आणि तरीही गेलो नाही.

त्यानंतर रणपिसे पूर्वीसारखेच वागायचे, चहा सांगायचे. फक्त दुपारी जेवायला जाताना स्टुडिओला कुलूप लावायला लागले. आधी नुसतं दार ओढून घ्यायचे आणि मला म्हणायचे, लक्ष ठेवा.

महिन्याभरानं म्हणाले, "रविवारी महाळुंग्याला येता का? संगं कोन व्हतं म्हनून दादा इचारतोय." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

ओसरीवर खाट होती. दादा उशाला टेकून बसलेले, दाढी घोटलेली, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. माणूस खंगला होता, पण पाठ ताठ. आम्ही बसल्यावर रणपिशांनी पिशवीतून मोठा केलेला एक फोटो काढून त्यांच्या हातात दिला. मी पाहिला आणि ओळखला. पहिल्या अकरांपैकी होता. मी पाण्याच्या रांगेत असताना डोक्यावरून गेलेलं दुसरंच कुठलं तरी दोन इंजिनांचं विमान. लांबून काढलेलं, शेपटीवर काय ते धूसर.

"ह्ये घ्या दादा. तुमचं तीनशे एकेचाळीस."

त्यांचा आवाज सरळ होता. त्यांना खोटं बोलताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

दादांनी फोटो डोळ्याला अगदी चिकटवला. मग लांब धरला. मग इंजिनाच्या कडेकडेनं बोट फिरवलं. फार वेळ गेला. वहिनी चहा ठेवून गेल्या, त्यावर साय आली.

"नाक बारीक दिसतंय," दादा म्हणाले.

"लांबनं काढलाय, दादा. पास न्हाई भेटला."

"का न्हाई भेटला?"

"दाखला आला न्हाई येळेवर."

दादांनी एकदम चेहरा माझ्याकडे वळवला. "पावणं, तुमी व्हता ना तितं? तुमी सांगा. ह्येच व्हतं का?"

रणपिसे माझ्याकडे बघत नव्हते. ते खाली फरशीकडे बघत होते आणि त्यांची बोटं खिशातल्या फडक्याशी चाळा करत होती.

"हेच होतं," मी म्हणालो. "तीन फेऱ्या मारल्या त्यानं. नंबर मी स्वतः वाचला."

"खात्री हाये?"

"खात्री आहे."

दादांनी फोटो उलटा केला आणि पांढरी बाजू माझ्यापुढं धरली. "मग मागं सही करा. तारीख टाका. आमच्यात दुसऱ्याची सही पडल्याशिवाय विमान सोडत न्हाईत."

मी खिसे चाचपले. माझ्याकडे पेन नव्हतं. रणपिशांनी त्यांचं काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. मी सही केली. तारीख टाकली. त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला, शाई वाळेपर्यंत त्यावर हलके फुंकर घातली आणि दादांच्या हातात दिला. मग पेन घ्यायला माझ्याकडे हात केला, आणि तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. दादांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "जमादारानं इचारलं, तवा एवढंच सांगायचं व्हतं, राव."